मोजणी एकावर अडली

मालवाहतुकीच्या त्या कचेरीत सगळ्यात कोरी करकरीत खुर्ची कुणाची असेल, तर ती कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मॅडमची. आणली होती सगळ्यांच्या खुर्च्यांबरोबरच. पण बाकीच्यांच्या गाद्या बसून बसून दबल्या, हातांचं रेक्झीन सोलवटलं, आणि हिची जशीच्या तशी राहिली, कारण तिच्यावर कुणी बसतच नसे. तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणत आणि पाठीमागे भिंगरी. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

भिंगरी ती जन्मापासूनच. लहानपणी जेवता जेवता ताटावरून तीनदा उठायची. वडील म्हणायचे, हिला बसवायचं तर खिळे ठोकायला हवेत. नवरा मिळाला तो चष्म्याच्या काचा घासणारा, सकाळी एकदा यंत्रापुढे ठाण मांडलं की थेट जेवायलाच मान वर करणारा. लोकांना वाटलं, यांचं कसं व्हायचं? पण झालं की! तो बसल्या जागेवरून सांगायचा आणि ती आणायची. तिची चिडचिडही चालता चालताच व्हायची, त्यामुळे त्याच्या कानावर निम्मीच पडायची. संसाराला एवढं पुरतं.

कचेरीत तीन मजले, मागे गोदाम, आणि सगळे मिळून साठेक कॉम्प्युटर. कुणी फोनवर ‘मॅडम, प्रिंटर रुसलाय’ म्हणायचा अवकाश, रिसीव्हर खाली ठेवायच्या आत ही जिन्यात. आपल्या टेबलावर बसून दुसऱ्याचं यंत्र दुरून चालवायची सोय हल्ली सगळीकडे असते. इथे ती नव्हती. भिंगरीने ती कधी चालूच केली नव्हती. सुरक्षेच्या दृष्टीने बरं नाही, असं ती साहेबांना सांगायची. कारण साधं होतं. तशी सोय झाली असती, तर तिला बसावं लागलं असतं.

त्या दिवशी तिची धांदल मात्र नेहमीची नव्हती. संध्याकाळी तिला इस्पितळात भरती व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची एक किडनी काढून तिच्या धाकट्या भावाला बसवायची होती.

भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिडीवर चढून हातभर अक्षरं एका दमात ओढणारा माणूस, पण दोन वर्षांत त्याचं पार चिपाड झालं होतं. एक दिवसाआड डायलिसिस, पाणी मोजून प्यायचं, आणि सुया टोचून टोचून हाताची शीर दोरखंडासारखी वर आलेली. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या त्यात हिची किडनी जुळली. जुळली म्हटल्यावर ही एका पायावर तयार झाली. पेढीवर जाऊन सही करावी तशी पटापट सगळ्या कागदांवर सह्या करून मोकळी झाली.

आणि मग तारीख आली की हिचं काहीतरी निघायचं. पहिल्यांदा कचेरीची वार्षिक तपासणी निघाली. दुसऱ्यांदा खोकला. ज्या खोकल्याकडे घरात कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, तो तिने स्वतः फोन करून डॉक्टरांना कळवला. त्यांनी अर्थातच तारीख पुढे ढकलली. तिसरी तारीख देताना मात्र डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, “हे बघा, तुमच्या भावाची शीर आता थकलीय आणि हृदयावरही ताण येतोय. आता पुढे ढकललंत, तर तोवर तो शस्त्रक्रियेच्या लायक राहील असा शब्द मी देऊ शकणार नाही.”

धाकटा बाहेरच्या बाकावर बसला होता. तारखा पुढे गेल्या त्याचं त्याला विचारलं तर म्हणाला, “हरकत नाही ताई. तुझं आधी उरकू दे.” लहानपणापासून त्याचं हेच. दुखलं तरी हरकत नाही, राहून गेलं तरी हरकत नाही. या हरकत नाहीने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ओरडावं, भांडावं, तर तेही नाही. भांडला असता, तर तिला निदान अपराधी तरी वाटलं नसतं.

आता कचेरीतल्या त्या दिवशीच्या कामाचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या परवान्याचं. पूर्वी कचेरीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःची वेगळी किल्ली असायची. किल्ली म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ. ती घातली की त्या यंत्राच्या मूळ प्रणालीला चालायचा परवाना मिळे. भिंगरी ही माळ घेऊन टेबलोटेबली फिरायची, जाता जाता कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची गुडघेदुखी असं सगळं ऐकून यायची. यंदा मुख्य कचेरीने नवा करार केला. साठ किल्ल्या बंद, सगळ्यांना मिळून एकच. ती एका सर्व्हरवर ठेवायची. बाकीची यंत्रं आपणहून त्याला विचारणार, ‘चालू का?’, आणि तो म्हणणार, ‘चाल.’ मॅडमला दारोदार हिंडायचं काम उरलं नाही. जुन्या किल्ल्यांची मुदत त्याच दिवशी संपत होती. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पडद्यावर, हे यंत्र विनापरवाना आहे, अशी सूचना आडवी येणार होती. त्यातच गिऱ्हाईक काउंटरवरून सगळं वाचणार.

“तुम्ही रजेवर जायच्या आधी हे लावून जा म्हणजे झालं,” साहेब म्हणाले होते. तिने ते आदल्या आठवड्यातच लावलं असतं. पण आदल्या आठवड्यात तिने गोदामातल्या सगळ्या तारा उपसून नव्याने बांधल्या, ज्याची काडीची गरज नव्हती.

या सर्व्हरची एक खोड आहे. पंचवीस वेगवेगळी यंत्रं विचारायला आल्याशिवाय तो कुणालाच होकार देत नाही. येईल त्याला मोजतो आणि परत पाठवतो. पंचविसावं आलं की मगच दार उघडतो. भिंगरीला हे माहीत होतं. साठ यंत्रं असताना पंचविसाची काय कथा, असं म्हणून तिने सकाळी आल्या आल्या सर्व्हरवर किल्ली चढवली, प्रत्येक मजल्यावर जाऊन यंत्रं नव्या व्यवस्थेवर आणली, आणि तिसरा मजला संपवून धापा टाकत खाली येऊन पाहिलं.

मोजणी एक.

“चुकून बघितलं असेल,” असं म्हणून तिने पुन्हा पाहिलं. एकच. ती जिने चढून गेली, सगळ्यांकडून पुन्हा विचारणा करवली आणि खाली आली. एक! सर्व्हरच्या संरक्षक भिंतीत यासाठी जे दार उघडं लागतं ते उघडंच होतं. नेटवर्कमध्ये त्याचा पत्ताही बरोबर लागला होता. यंत्रं येत होती, विचारत होती, सर्व्हर त्यांना उत्तरही देत होता. पण मोजत होता एकच. तिने एक तार बदलली. मग तीच परत लावली. पाणी प्यायला उठली आणि न पिताच परत आली. मोबाइल वाजला तेव्हा ती दुसऱ्या मजल्यावर होती आणि आपण तिथे कशाला आलो तेच तिला आठवत नव्हतं.

“बॅग भरलीय,” नवरा म्हणाला. “तुझा चष्मा टाकलाय, जुनापण टाकलाय. चारला घ्यायला येऊ?”

“बघते.”

“बघते म्हणजे?”

“म्हणजे बघते! इथे सगळं अडून बसलंय. मी तुला करते फोन.” आणि तिने फोन ठेवून दिला. काळजी होतीच, पण तिच्या शेजारीच कुठेतरी हलकंही वाटत होतं. काम अडलंय. आपण तर मुद्दाम काही केलं नाही. खरोखरच अडलंय.

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब मनाने चांगले होते, आणि चांगल्या माणसाने केलेली पंचाईत सगळ्यात वाईट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग एवढा जीव का टांगणीला लावता? इस्पितळाची पुढची तारीख घ्या. कामाची निकड आहे, असं पत्र मी देतो हवं तर.”

तिला मागायचं होतं ते तिने मागायच्या आधीच तिच्या हातात पडलं. ती हो म्हणाली, थँक्यू म्हणाली, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. केवढं सुटल्यासारखं वाटलं! आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची तिला एवढी किळस आली की तिने मोबाइल काढला, इस्पितळाचा नंबर समोर आणला आणि तो लावेना, बंदही करेना.

तशीच ती हिशेबनीसबाईंच्या टेबलापाशी गेली. हिशेबनीसबाई म्हणजे तिची कचेरीतली एकुलती एक मैत्रीण. जाडजूड, शांत, आणि भिंगरीला ‘बस गं जरा’ असं रोज न चुकता सांगणारी.

“झालं का तुझं?” तिने विचारलं.

“नाही. तारीख पुढे घेतेय.”

हिशेबनीसबाई पडद्याकडे वळून एक फाइल उघडायला लागली. ती फाइल ‘नंतर बघू’ नावाच्या पेटीत, म्हणजे फोल्डरमध्ये होती. भिंगरीची नजर त्या नावावर गेली.

“हे काय आहे?”

“हे? कंपनीचंच आहे ना! सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आहे. आमच्याकडे सगळे त्यात नकोशी पत्रं टाकतात.”

भिंगरीने शेजारच्या बुकिंगच्या टेबलावर पाहिलं. पडद्याच्या त्याच कोपऱ्यात ‘नंतर बघू’. त्याच्या पलीकडच्या टेबलावर ‘नंतर बघू’. ती पेटी तिची स्वतःची होती. ही सगळी यंत्रं नवी आली तेव्हा तिने आपल्या टेबलावरचं एक यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट तयार केलं, त्याची हुबेहूब नक्कल काढली आणि तीच नक्कल बाकीच्या सगळ्यांत उतरवली. रीत बरोबर होती. पण नक्कल काढण्याआधी मूळ यंत्राची ओळख पुसायची असते, म्हणजे प्रत्येक नकलेला आपली वेगळी ओळख मिळते. त्या पुसण्याला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ त्याच्यापुढे नुसतं बसायचं असतं. नुसतं! भिंगरी बसली नव्हती. नंतर बघू म्हणाली आणि जिन्यात पळाली होती.

म्हणून सर्व्हरला साठ यंत्रं दिसतच नव्हती. एकच यंत्र सकाळपासून वेड्यासारखं पुन्हा पुन्हा येऊन विचारतंय, असं त्याला वाटत होतं.

तिने कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्याने हसली. मग सगळं हिशेबनीसबाईला सांगितलं. नव्या ओळखी देता येत होत्या. प्रत्येक यंत्राला एक हुकूम द्यायचा, ते बंद करून चालू करायचं, मग दुसरा हुकूम. पण हे प्रत्येक टेबलावर जाऊनच करायला हवं होतं, कारण दुरून करायची सोय कुणी होऊ दिली नव्हती ते आपल्याला माहीतच आहे.

“म्हणजे संध्याकाळपर्यंत नाहीच होणार,” ती म्हणाली. “मी एकटी कुठे कुठे पुरणार? तारीख घ्यायलाच हवी.”

“तू एकटीच का?” हिशेबनीसबाईने विचारलं. “आम्हाला बोटं नाहीत?”

“मुख्य परवानगी लागते त्याला. सगळ्यांना कशी देऊ? कुणी काही भलतंच केलं तर?”

हिशेबनीसबाईने फाइल बंद केली. “तुला जायचंच नाहीये.”

“काहीतरी बोलू नकोस.”

“मी नाही, तूच बोलतेस, महिनाभर. तारा काय, खोकला काय. सरळ म्हण ना, मला नाही द्यायची किडनी. निदान तो बिचारा दुसरीकडे बघेल.”

“द्यायचीय!” भिंगरी इतक्या जोरात ओरडली की बुकिंगचे सगळे वळून बघायला लागले. “द्यायचीय गं मला. तसं नाहीये ते.” ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. “मला झोपवणार ते. कळतंय का तुला? हात बांधलेले, डोळे मिटलेले, मी आहे की नाही तेही मला कळणार नाही. मी कधी गप पडून राहिलेय का? दोन बाळंतपणं मी येरझाऱ्या घालत काढली. मला भीती वाटते. मरणाची भीती वाटते.”

“मग असं म्हणावं माणसाने,” हिशेबनीसबाई म्हणाली. तिने खुर्ची पुढे ओढली. “बस.”

आणि भिंगरी बसली. किती वेळ ते कुणी पाहिलं नाही, पण बसली खरी. उठली तेव्हा थेट हॉलच्या मोठ्या फळ्यापाशी गेली, ट्रकच्या वेळा पुसल्या आणि त्यावर दोन ओळींत दोन हुकूम लिहिले. खाली एक तात्पुरतं नाव आणि परवलीचा शब्द लिहिला, जो संध्याकाळी आपोआप बंद पडेल अशी व्यवस्था तिने आधी केली. इतक्या वर्षांत तिने परवलीचा शब्द नवऱ्यालासुद्धा सांगितला नव्हता.

“ऐका हो सगळे!” ती म्हणाली. “मला मदत हवीय.”

एवढं म्हटलं मात्र आणि सगळे हातातलं टाकून तिच्याकडे असे बघायला लागले जसं काही भिंतीवरचं घड्याळ बोललं.

“माझी चूक झालीय. ती निस्तरायला मला संध्याकाळपर्यंत थांबता येत नाही, मला भावाकडे जायचंय. फळ्यावर लिहिलंय ते प्रत्येकाने आपापल्या जागी करायचं. पहिली ओळ, मग यंत्र बंद-चालू, मग दुसरी ओळ. दुसऱ्या ओळीनंतर नकार येईल. घाबरू नका. नकार आला म्हणजे तुमचं यंत्र मोजलं गेलं. पंचवीस झाले की सगळ्यांना होकार मिळेल, आधी नकार आलेल्या यंत्रांनाही, ती आपणहून पुन्हा विचारतात. वरच्या मजल्यांवर कुणीतरी सांगा.”

“मॅडम, अक्षरं मोठी की बारीक?” बुकिंगमधला एक म्हणाला.

“कशीही चालतील. मधली मोकळी जागा विसरू नका फक्त.”

मग जी झुंबड उडाली! ज्यांनी आयुष्यात परवानगीचं बटणही दाबलं नव्हतं, ते फळ्याकडे माना उंचावून एकेक अक्षर टिपत होते. कुणाचं चुकलं, कुणाचं आधी बरोबर आलं म्हणून शेजाऱ्याला ऐट दाखवून झाली. “मला नकार आला!” कुणीतरी हर्षभरित होऊन ओरडलं, आणि दुसऱ्या टोकाकडून, “मलापण!” भिंगरी तिकडे धावणार तेवढ्यात हिशेबनीसबाईने तिला दंडाला धरून सर्व्हरच्या खोलीत नेलं, तिची ती कोरी खुर्ची ढकलत आणली आणि तिला तिच्यात बसवलं. “तू फक्त मोजणी बघ. उठलीस तर बघ.”

मोजणी तीन झाली होती. मग सहा. तिचे पाय जमिनीवर आपोआप चालत होते. नऊ. सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज आणि काचेपलीकडे हॉलचा गलका. तिने मोबाइल घेतला आणि धाकट्याला फोन लावला.

“मी आज येत नाही म्हणणार होते,” ती म्हणाली.

पलीकडून तोच तो आवाज, दमलेला आणि समजूतदार. “हरकत नाही ताई. तुझं काम—”

“गप! एक शब्द बोलू नकोस हरकत नाही म्हणून!” तिला रडू फुटलं. “किती वर्षं हरकत नाही रे तुला? मी दोनदा पळाले, मला भीती वाटली म्हणून पळाले, कामबिम काही नव्हतं. तुला राग नाही येत? तुला हवीय की नाही ती किडनी? हवी असेल तर माग माझ्याकडे. एकदा तरी तोंडाने माग.”

मोजणी चौदा. ती पडद्याकडे बघत नव्हती.

पलीकडून आधी त्याचा श्वास ऐकू आला, आणि मग, शिडीवर उभं राहून खालचा रंगाचा डबा मागायला हाक मारायचा तेव्हा असायचा तसला आवाज.

“ये ताई,” तो म्हणाला. “मला हवीय. मला फार राग येतो तुझा. मला मरायचं नाहीये गं. लवकर ये.”

“निघाले,” ती म्हणाली आणि उठली.

हॉलमधून जाताना तिला पाचसहा जणांनी हाका मारल्या. कुणाचं यंत्र परत चालूच होईना, कुणाला होकार आला की नकार ते कळेना. हिशेबनीसबाई फळ्यापाशी उभी राहून तिला हातानेच जा, जा म्हणत होती. जिन्यात असताना वरून एकदम टाळ्यांचा आवाज आला, तेव्हा पंचवीस झाले असावेत. तिने मागे वळून पाहिलं नाही. फोन अजून कानाला होता.

“कुठवर आलीस?” धाकट्याने विचारलं.

“जिन्यात आहे. आता खाली.”

“आता?”

“फाटकातून बाहेर पडले. रस्ता ओलांडतेय. समोर टॅक्सी आहे, थांब, हात करते.”

“बसलीस?”

“बसले रे.”

“आता कुठवर आलीस?” त्याने पुन्हा विचारलं, आणि पुढचा सगळा रस्ता तो विचारतच राहिला.